थोडं तेल शिल्लक

साबण करायचा म्हटलं की आधी गणित मांडायचं. साचे, वास, रंग हे सगळं नंतर. गणित तसं साधं आहे. एक किलो खोबरेल तेलाचा पूर्ण साबण व्हायला साधारण १८३ ग्रॅम कॉस्टिक सोडा लागतो. तिळाच्या तेलाला १३४ च्या आसपास, एरंडेलाला १२८ च्या. प्रत्येक तेलाचा आकडा वेगळा. आकडा निघाला की साबण करणारं माणूस त्यातला थोडा सोडा मुद्दाम कमी करतं. शंभराला पाच. म्हणजे १८३ च्या जागी १७४. सोडा कमी पडला की तेलाचा थोडा भाग तसाच राहतो. त्याचा साबण होतच नाही. तो वडीत मुरून बसतो आणि रोज थोडा थोडा हाताला लागतो. हातानं केलेल्या साबणानं अंघोळ केल्यावर कातडी ताणल्यासारखी वाटत नाही, त्यात या शिल्लक तेलाचा मोठा वाटा असतो.

आमच्या कामात याला सुपरफॅट म्हणतात. मी दिवेआगरला राहते. नारळी-पोफळीच्या वाडीतल्या घरात साबण करते. या छोट्या धंद्यानं मला बरंच काही दिलं, पण त्यात हे पाच टक्के मला सगळ्यात मोलाचे वाटतात. आज तेवढ्याबद्दलच बोलू.

पाच टक्के सोडायचे कशाला? कारण पुस्तकातला आकडा सरासरीचा असतो आणि समोर पातेल्यात असतं ते एका विशिष्ट घाण्याचं, विशिष्ट खोबऱ्याचं तेल. झाडाची जात कुठली, नारळ किती पिकला होता, खोबरं कसं वाळवलं, यानं तेल थोडं थोडं बदलतं. खाद्यतेलांची जी आंतरराष्ट्रीय मानकं आहेत, त्यांतही खोबरेलाला एकच आकडा दिलेला नाही. इथपासून इथपर्यंत, असं सांगितलेलं आहे. आपल्या सोड्याच्या हिशेबात ते मांडलं तर किलोला साधारण १७७ ग्रॅमपासून १८९ ग्रॅमपर्यंत येतं. आता बघा. मी १८३ ग्रॅम सोडा मोजला आणि तेलाला १७७ च पुरणार असतील, तर सहा ग्रॅम सोडा जास्त झाला. तो वडीत मोकळा राहणार आणि अंगाला झोंबणार. पण मी १७४ मोजला, तर या मर्यादेतलं कुठलंही तेल असो, सोडा मोकळा राहायला वावच नाही. मला ते तेल पुरतं कळलेलं नसतं, तरी माझ्या वडीनं कुणाच्या अंगाची आग होत नाही.

हा हिशेब पहिल्यांदा नीट उमगला तेव्हा मी किती तरी वेळ त्या तीन आकड्यांकडे बघत बसले होते. जे मला माहीत नाही, त्याच्यासाठी आधीच थोडी जागा ठेवायची. तराजू एखादा ग्रॅम इकडे-तिकडे दाखवू शकतो. सोड्याच्या डब्याचं झाकण जरा वेळ उघडं राहिलं, तर कोकणची हवा त्याला ओल लावते. तेलाची प्रत्येक बाटली प्रयोगशाळेत पाठवणं घरगुती कामात परवडत नाही. अशा न तपासलेल्या, न दिसणाऱ्या गोष्टी रोजच असतात. त्यांची काळजी करत बसावं लागत नाही. त्यांची सोय ते पाच टक्के करतात.

साबण माणूस फार जुन्या काळापासून करत आला, पण तेल आणि क्षार एकत्र आले की आत काय घडतं, हे उलगडलं ते मिशेल शेव्हरूल या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञानं. तेल आणि चरबी ही स्निग्ध आम्लं आणि ग्लिसरीन यांची बनलेली असतात, हे त्यानं दाखवलं. त्याचं त्यावरचं पुस्तक १८२३ साली आलं.  त्याआधी सगळीकडे अंदाजाचं काम. आपल्याकडे भांड्यांना राख आणि नारळाची शेंडी, अंगाला डाळीचं पीठ, केसांना शिकेकाई आणि रिठा. राखेतला क्षार भांड्याचा तेलकटपणा सोडवतो, हे आपल्या आज्यांना हातानं माहीत होतं. आता आपल्याकडे आकडे आहेत, ग्रॅमचा दहावा भाग दाखवणारे तराजू आहेत. तरीही साबण करणारी माणसं शेवटच्या ग्रॅमपर्यंत जात नाहीत. आकडा हाताशी असूनही अलीकडे थांबतात. यात मला फार मोठी समज दिसते.

आपला दिवस मात्र आपण बहुतेक वेळा शेवटच्या ग्रॅमपर्यंत मोजून भरतो. सहाला उठायचं, साडेसहाला डबे, सातला मुलांचं, सव्वासातला आपलं, साडेसातची एसटी. कागदावर सगळं बसतं. एकही मिनिट वाया जात नाही. आणि त्याच दिवशी गॅसचा सिलेंडर संपतो. किंवा मुलाचा एक मोजा सापडत नाही. किंवा शेजारच्या काकू कुंपणापाशी थांबून विचारतात, "अगं, जरा दोन मिनिटं आहेत का?" काकूंनी काही चूक केलेली नसते. मोजाही मुद्दाम हरवलेला नसतो. पण आपल्या हिशेबात त्यांच्यासाठी जागाच नसते, म्हणून आपण झोंबतो. दहा मिनिटं आधीच मोकळी सोडलेली असली, तर त्याच काकूंशी आपण हसून बोलतो. आपला स्वभाव एका सकाळीत बदललेला नसतो. तो आधीही चांगलाच होता. त्याला फक्त थोडी जागा हवी होती.

बोलण्याचंही तसंच. कधी कधी घरात आपली तक्रार अगदी रास्त असते. मुद्दे सगळे खरे असतात, क्रमानं मांडलेले असतात, समोरच्याला उत्तर देता येणार नाही असे असतात. अशा वेळी शेवटचा एक मुद्दा न बोलता ठेवून बघावा. तोही खराच असतो. पण काम आधीच्या मुद्द्यांनी झालेलं असतं. समोरचं माणूस आज कुठून आलं आहे, रात्री झोपलं का, ऑफिसात त्याला कुणी काय बोललं, हे आपल्याला ठाऊक नसतं. तो राखून ठेवलेला मुद्दा त्यासाठी.

आता खोबरेल तेलाविषयी थोडं जास्त सांगावंसं वाटतं, कारण ते आमच्या गावचं तेल. खोबरेलात निम्म्याच्या आसपास लॉरिक आम्ल असतं. त्यामुळे त्याच्या साबणाला फेस भरपूर येतो आणि तो मळ झटकन काढतो. खाऱ्या पाण्यातसुद्धा त्याचा फेस होतो. बाकीचे बहुतेक साबण तिथे हार मानतात. म्हणून पूर्वी जहाजांवर, समुद्राच्या पाण्यात धुण्या-नाहण्यासाठी खोबरेलाचा साबण नेत. किनाऱ्याजवळच्या ज्या विहिरींचं पाणी उन्हाळ्यात मचूळ होतं, तिथेही तो उपयोगी पडतो. इतकं गुणी तेल. पण नुसत्या खोबरेलाचा साबण केला आणि नेहमीसारखं पाच टक्केच तेल शिल्लक ठेवलं, तर तो बऱ्याच जणांच्या अंगाला कोरडा पडतो. तो इतका नीट साफ करतो की मळाबरोबर अंगाचं स्वतःचं तेलही नेतो. म्हणून नुसत्या खोबरेलाचा साबण करताना साबण करणारे पाचावर थांबत नाहीत. वीस टक्के सोडतात. किलोला १८३ च्या जागी १४६ ग्रॅम सोडा. जे तेल सगळ्यात जोरदार, त्याच्यात मऊपणा सगळ्यात जास्त राखावा लागतो.

हे लिहिताना माझ्या डोळ्यांसमोर काही माणसं येतात. प्रत्येक घरात, प्रत्येक कचेरीत असं एखादं माणूस असतं. त्याच्या हातात काम दिलं की ते झालंच समजावं. हिशेब तोंडपाठ, कागद जागच्या जागी, पाहुणे आले तर वीस मिनिटांत पानं मांडलेली. अशा माणसांवर सगळ्यांची भिस्त असते आणि ती असायलाच हवी. कदाचित ते माणूस तुम्हीच असाल. तुमच्या साध्या बोलण्यालाही धार असते, हे मात्र तुम्हाला आतून जाणवत नाही. तुम्ही सहज विचारता, "अजून झालं नाही का?" आणि समोरचं माणूस दिवसभर कोमेजून जातं. तेच दुसऱ्या कुणी विचारलं असतं तर त्याला काही वाटलं नसतं. तुमचा वेग त्या प्रश्नामागे उभा असतो, म्हणून तो टोचतो. अशा वेळी "कुठं अडलंय?" एवढं विचारलं तरी पुरतं. काम तितकंच लवकर होतं. मला वाटतं, ज्यांच्या हाताला यश आहे, त्यांनी इतरांपेक्षा थोडी जास्त सूट ठेवावी. इतरांना पाच टक्के पुरतील. त्यांना वीस लागतील. यात त्यांच्या गुणाचा मानच आहे.

पण तेल शिल्लक ठेवायचं म्हणून वाटेल तेवढं ठेवता येत नाही, हेही साबणच सांगतो. शिल्लक तेल जास्त झालं तर वडी मऊ पडते, फेस कमी येतो, हाताला तेलकट लागतं. आणि काही महिन्यांनी, विशेषतः आमच्यासारख्या दमट हवेत, वडीवर नारिंगी ठिपके दिसू लागतात. ते खवटपणाचे ठिपके. सूर्यफुलासारखं तेल त्यात असलं तर हे लवकर होतं. खोबरेल तेल सहज खवट होत नाही, म्हणून त्यात वीस टक्के चालतात. सगळ्याच तेलांना ही मोकळीक देता येत नाही. शिल्लक ठेवायचं तेही मोजून, आधी ठरवून. ठरवून ठेवलेली दहा मिनिटं आणि नुसतीच हातातून निसटलेली दहा मिनिटं यांत फरक आहे. पहिल्या दहा मिनिटांत काकूंचं ऐकून होतं. दुसऱ्या दहांत आपण फोन चाळत असतो आणि एसटी जाते. न बोललेला मुद्दाही आपण समजून बाजूला ठेवला असला तर घर शांत राहतं. भीतीनं गिळला असला तर तो आत खवट होत जातो. तेव्हा तो वेळीच, नीट शब्दांत बोललेला बरा.

धंद्यात ही सवय फार उपयोगी पडते. ओली वडी कापली की ती चार ते सहा आठवडे फळीवर वाळवायची असते. त्या काळात तिच्यातलं पाणी उडतं आणि वजन उतरतं. पाकिटावर निव्वळ वजन छापायचं असतं. शंभर ग्रॅमची वडी द्यायची तर कापताना ती एकशेपंधराच्या आसपास कापावी लागते. हिशेबानं एकशेदहा पुरत असेल, तरी थोडी वर. पाकिटात गेल्यावरही वडी वाळतच राहते आणि घेणाऱ्याच्या हातात ती कधी पोचेल हे मला ठाऊक नसतं. दूधवाले काका माप भरल्यावर पातेल्यात एक धार वर सोडतात, भाजीवाली पिशवीत दोन मिरच्या टाकते. आपल्याकडे व्यवहाराची ही रीत जुनीच आहे. त्या दोन मिरच्यांनी गिऱ्हाईक बांधलं जातं, असं कुणी म्हणेल. मला वाटतं, त्या मिरच्यांनी भाजीवालीचाही दिवस चांगला जात असणार.

दिवाळीचा साबण हे आमच्या वर्षातलं सगळ्यात मोठं काम. महाराष्ट्रात दिवाळीच्या पहिल्या अंघोळीला उटणं लागतं आणि नवी कोरी साबणाची वडी लागते. ती वडी उघडताना येणारा वास आपल्यापैकी अनेकांच्या लहानपणात आहे. म्हणून या ऑर्डरी मी मनापासून घेते. तिथी मोजल्या तर एक गंमत दिसते. अनंत चतुर्दशीला गणपती जातात. तिथून नरक चतुर्दशीपर्यंत बहुतेक वर्षी दीड चांद्रमास होतो, म्हणजे सुमारे चव्वेचाळीस दिवस. वडी वाळायला सहा आठवडे धरले तर वर दोनच दिवस उरतात. हिशेब बसतो. पण तो बसतो एवढ्यावर विसंबून चालत नाही. भाद्रपदात आमच्याकडे पाऊस असतोच. हवेत ओल असली की साबण वाळायला वेळ लावतो. त्यात त्याच्यातलं ग्लिसरीन हवेतली ओल ओढून घेतं आणि वडीवर दवासारखे थेंब येतात. आम्ही म्हणतो, साबणाला घाम आला. म्हणून गौरी-गणपती पोचवले की अनंत चतुर्दशीची वाट न बघता साचे भरायला घ्यायचे. फळ्याही सगळ्या भरायच्या नाहीत. एक फळी मोकळी ठेवायची. शनिवार-रविवारी गावात पाहुणे येतात, घरगुती खानावळीत जेवतात, जाताना कुणी तरी येऊन विचारतं, "चार वड्या मिळतील?" ती फळी त्यांची.

ज्यांच्या वाडीतले नारळ माझ्याकडे तेल होऊन येतात, त्यांच्याकडे बघितलं की ही सवय माझ्या धंद्याहून कितीतरी जुनी आहे, हे कळतं. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं. दिवेआगर, श्रीवर्धन, हरिहरेश्वर या पट्ट्यातल्या नारळी-पोफळी उन्मळून पडल्या. पिढ्यांनी वाढवलेल्या वाड्या काही तासांत उघड्या झाल्या. आपल्याकडचा उंच जातीचा नारळ फळ धरायला सहा-सात वर्षं घेतो. पोफळीलाही पाच-सात वर्षं थांबावं लागतं. हे सगळं माहीत असून लोकांनी वाड्या पुन्हा लावल्या. आणि लावताना कुणीही मोजून तेवढीच रोपं आणत नाही. लावलेल्यातली काही जगणार नाहीत, हे गृहीत असतं. काही उन्हानं जातील, काही किडीनं. म्हणून थोडी रोपं बाजूला वाढवून ठेवायची आणि पुढच्या पावसात रिकाम्या जागी लावायची. याला नांग्या भरणं म्हणतात. वाडीत काम करणारं माणूस गेलेल्या रोपासाठी रडत बसत नाही आणि त्याला दोषही देत नाही. रिकामी जागा दिसते, तिथे राखलेलं रोप जातं. वादळानंतर लावलेली ती झाडं आता माझ्या डोक्याच्या वर गेली आहेत. त्यांच्यात नांग्या भरून लागलेली कुठली आणि आधीची कुठली, हे आता लावणाऱ्यालाच सांगता येईल.

किती शिल्लक ठेवायचं, हा प्रश्न मात्र दर वेळी नव्यानं सोडवावा लागतो. सगळ्यांना एकच साबण चालत नाही. मासळी साफ करून विकणाऱ्या बायांना हाताचा वास जायला हवा असतो. त्यांच्यासाठी खोबरेल जास्त आणि शिल्लक तेल पाच टक्क्यांवर थांबवलेलं. ज्यांच्या टाचा फुटतात, ज्यांची कातडी वयानं पातळ झाली आहे, त्यांच्यासाठी खोबरेल कमी करून कोकमाच्या बियांचं तेल घालायचं. आपल्याकडे ते गोळ्याच्या रूपात मिळतं आणि भेगांना लावायची पद्धत जुनी आहे. त्या वडीत मी सात-आठ टक्के तेल सोडते. तान्ह्या बाळासाठी कुणी साबण मागितला तर मी देत नाही. डॉक्टरांना विचारा, तोवर नुसतं कोमट पाणी बरं, असं सांगते.

म्हणून कुणी साबण मागायला आलं की मी आधी विचारते, "घरात कुणासाठी हवाय?" मग लोक सांगू लागतात. सासूबाईंचे पाय, मुलाचं घामोळं, नवऱ्याचे गॅरेजमध्ये काळे झालेले हात. मी ऐकून घेते. गॅरेजवाल्यांच्या वडीत मळ घासून निघावा म्हणून नारळाच्या करवंटीची बारीक पूड घालून बघणार आहे. सासूबाईंसाठी कोकमाचं तेल सांगून ठेवलं आहे. थंडी पडायच्या आत दोन्ही साचे भरायचे आहेत.